हळूकाका मोठ्याने बोलले

हळूकाकांचं खरं नाव आमच्या बिल्डिंगमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. "हळू बोला" हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं आणि बहुधा शेवटचंही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. दार उघडताना आधी साखळी, मग एक डोळा, मग "कोण आहे?" आणि तेही हळू. "इथल्या भिंतींना कान आहेत, आणि त्या कानांना हिंदी चांगलं कळतं," असं म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही आखातात, दुबईजवळच्या रास अल खैमाला राहायला आलो, तेव्हा ते आणि काकू आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये होते. मला त्यांचं फार हसू यायचं.

स्वभाव असा, आणि नोकरी मात्र अशी, की रोज दुसऱ्यांच्या भीतीत जाऊन बसायचं. शहराची एक मदत समिती होती. अडलेल्यांना घरभाडं, औषधपाणी, परतीचं तिकीट द्यायची, मग माणूस कुठल्याही देशाचा असो. काका तिथे दुभाषे. पैसा थोडा आणि मागणारे फार, म्हणून समितीचे प्रमुख, ज्यांना सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणत, स्वतः घरोघर जाऊन बघायचे आणि तिथल्या तिथे ठरवायचे. "एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणावंच लागतं," काका सांगायचे. "दोन्ही माझ्याच तोंडून जातं गं. नंतर जेवण जात नाही."

मग माझं हसणं बंद झालं. आमचे हे फरश्यांच्या कारखान्यात होते. तिथे फरश्यांची चळत अंगावर आली आणि यांच्या कंबरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने हॉस्पिटलमधून हलवायचं नाही. पगार थांबला. घरमालक भाड्यासाठी दार वाजवायला लागला. थाप पडली की मी दिवा घालवून, मुलीला जवळ ओढून आतल्या खोलीत उभी राहायची. "हळू बोल," तिला सांगायची. घर गेलं असतं तर आम्हा दोघींना पुण्याला परतावं लागलं असतं, आणि हे त्या खाटेवर एकटे पडले असते. पाणी मागायचं तरी कुणाकडे?

शेवटी समितीकडे अर्ज केला. काका साखळीच्या फटीतून म्हणाले, "सुनंदा, नियम आहे. दुभाष्याच्या ओळखीचं माणूस असलं तर त्याने आधी सांगायचं आणि बाजूला व्हायचं. लपवलं तर त्याची नोकरी जाते. आणि मी बाजूला झालो, तर तुझं अरबीत सांगणार कोण? तेव्हा आजपासून तू मला ओळखत नाहीस. जिन्यातसुद्धा नाही." म्हणजे या भित्र्या माणसाने लपवायचं ठरवलं होतं. त्यानंतर आम्ही एकमेकांसमोरून परक्यासारखे जायचो. काकू तेवढा भाजीचा डबा आमच्या चपलांपाशी ठेवून जायच्या, दार न वाजवता.

अरबाब येणार त्या दिवशी मी काय करावं? घर सजवलं. पाहुण्यापुढे घरातलं उणं काढू नये, हे आईने बाळकडूसारखं पाजलेलं. सोफ्यावर चांगली चादर घातली. होता नव्हता तो रवा आणि तूप घालून शिरा केला. आमचे कप कानतुटके, म्हणून काकूंकडून सोनेरी काठाचे कप आणले. मुलगी म्हणाली, "आई, दीज आर काकूज कप्स. व्हाय?" तिला म्हटलं, गप्प बस.

अरबाब आले. पांढरी दाढी, शांत चेहरा. मागे काका, घामाने डबडबलेले. कप बघताच काकांचा चेहरा पडला. अरबाबांना कामापुरतं हिंदी यायचं. त्यांनी शिरा खाल्ला, चहा घेतला, घरभर नजर फिरवली आणि थेट मलाच विचारलं, "सब ठीक है?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "जी, सब ठीक है. आपकी मेहरबानी."

अरबाब मान हलवून उठले. त्यांना पुढचं घर गाठायचं होतं. आपण काय बोलून बसलो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण तोवर ते दाराकडे वळले होते.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. बघते तर हळूकाका, अरबी सोडून हिंदीतच.

"झूठ बोलती है, अरबाब. ये कप मेरे घर का है, मेरी बीवी का. ये मेरे सामने रहती है, मैं जानता हूँ इसको." त्यांनी जाऊन आमचा फ्रिज उघडला. आत पाण्याच्या बाटल्या आणि एक डबा. "ये डब्बा भी मेरा. हमारे लोग भूखे रहेंगे, मगर मेहमान को बोलेंगे, ठीक है." आवाज काही खाली येईना.

अरबाब फ्रिजकडे बघत राहिले, मग काकांकडे. मग म्हणाले, "खलास."

मी मटकन खाली बसले. बाजारात हा शब्द रोज ऐकलेला, पण त्या घडीला माझ्या कानांना फक्त मराठी कळत होतं. खलास म्हणजे खलास. डोळ्यांपुढे यांची खाट आली आणि मला रडू फुटलं. काका जाता जाता वाकले आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "रडू नकोस. त्यांचं खलास म्हणजे झालं. मंजूर."

घर राहिलं. तीन महिन्यांनी हे काठी टेकत त्याच दारातून आत आले. पण तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं. ओळख लपवली म्हणून पुढच्याच आठवड्यात अरबाबांनी काकांनाही बोलावून खलास म्हटलं होतं, आणि ते मात्र आपल्या मराठीतलं निघालं. नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसा गेला.

ते निघाले त्या दिवशी मी कप धुऊन, कागदात गुंडाळून खाली नेले. काकूंनी परत माझ्या हातात ठेवले. "राहू देत गं, पाहुणे येतील." काका टॅक्सीत बसले होते, बॅग मांडीवर घट्ट धरून. मी विचारलं, "काका, तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटतेय," ते म्हणाले. "पण तू ठीक है म्हणालीस ना, त्याची जास्त वाटली."

मग त्यांनी काच वर केली आणि ड्रायव्हरला सांगितलं, हळू चला.