संगणकामागचा जवळा

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. तारापूरजवळच्या आमच्या मच्छीमार गावातून कॉलेजात गेले ती शिष्यवृत्तीवर. ती देणारी माणसं मी कधी पाहिली नाहीत. बोईसरच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर जुना संगणक घेतला. पण मी कामावर असताना तो नुसता बसून राही. म्हणून त्याची शिल्लक ताकद औषधांच्या संशोधनाला द्यायचं ठरवलं. शास्त्रज्ञ मोठ्या गणिताचे तुकडे करून इंटरनेटवरून घरोघरी पाठवतात. आपल्या संगणकाने आपला तुकडा मुदतीत सोडवून परत करायचा, नाहीतर तो दुसऱ्या कुणाला जातो.

पावसाळ्यात माझे दोन तुकडे असेच गेले. संध्याकाळी घरी यावं तर संगणक बंद. तिसरा आला तेव्हा मनाशी म्हटलं, हा आपल्याच घरातून पुरा होऊन जाणार. वायर बदलली, तरी तेच. शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी रजा टाकून घरी बसले.

दुपारी आई सुक्या जवळ्याची टोपली घेऊन आली. ती संगणकाच्या पाठीला टेकवली आणि दोन्हींवर जुनं लुगडं घातलं.

"आई, हे काय?"

"जवळा सादळला गो. इथं गरम वारा येतो."

"रोज ठेवतेस?"

"तू यायच्या आदी उचलते. शिकलेल्या बाईला वास येतो ना!"

"अगं, त्याची हवा कोंडते. गणित चालू असलं की तो तापतो, फार तापला की आपोआप बंद पडतो. माझं काम बुडतंय."

"आणि माजा जवळा बुरसला तर? बाजारात तुजं गणित इकू?"

मी हटले नाही. म्हटलं, "जवळा पण वाचवू, पण हे काम मुदतीत परत जायलाच हवं."

"कोनाचं हाय ते?"

"ठाऊक नाही. कुठल्यातरी आजारी माणसाच्या उपयोगी पडेल. मला शिकवलं त्यांना तरी मी कुठे ठाऊक होते?"

आईने लुगडं काढलं. आम्ही जवळा सुपात पातळ पसरला आणि सूप संगणकापासून हातभर लांब स्टुलावर ठेवलं. वारा सुपावरून मोकळा जाऊ लागला. मी तिथेच बसून राहिले, मधूनमधून संगणकाच्या डब्याला हात लावून बघत.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी तुकडा पुरा झाला आणि परत गेला. मी ओरडूनच आईला सांगितलं.

तिने सुपातला जवळा चिमटीत चुरून पाहिला. "गेला? मग दुसरा मागव की. हा अजून ओला हाय."