आमच्या राउटरवरचे अकरा जण

लखनौला आम्ही संशोधन संस्थेच्या कॉलनीत राहायचो. तळमजल्यावर आम्ही नवरा-बायको आणि आमच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, माझे विभागप्रमुख. मी मातीवर काम करणारा शास्त्रज्ञ. माझा वार्षिक अहवाल लिहिणारा हात रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जिना चढून वर जायचा. हे आधी सांगून ठेवतो, कारण त्याशिवाय मी दीड वर्ष गप्प का राहिलो ते कळणार नाही. आणि कळलं तरी मला स्वतःला ते अजून माफ करता आलेलं नाही.

इंटरनेट मी घेतलं ते आईसाठी. आई मिरजेला दादाकडे असायची. तिला ऐकू येणं हळूहळू कमी होत शेवटी जवळजवळ बंद झालं होतं. कानाचं मशीन लावलं की नुसता गोंगाट, शब्द नाहीत. त्यामुळे फोन आमच्यासाठी मेला होता. दादा सांगायचा, ‘आई बरी आहे,’ आणि मी म्हणायचो, ‘तिला नमस्कार सांग.’ दोन वर्षं आई आणि मी असे तिसऱ्या माणसातून बोलत होतो. पण ओठ बघून तिला सगळं कळायचं. दादाच्या घरी कॉम्प्युटर आला, त्यावर कॅमेरा आला, तेव्हा माझ्या बायकोला सुचलं, ‘अहो, तुम्ही समोर दिसलात की त्या वाचतील ना!’

पहिल्याच कॉलला आई म्हणाली, ‘ती मिशी काढ. तुझा वरचा ओठ दिसत नाही.’

मी काढली. कॉलनीत चार जणांनी हळू आवाजात विचारलं, ‘घर में सब ख़ैरियत तो है?’ इकडे बाप गेल्यावर मिशी काढतात. मी म्हणायचो, ‘सब ठीक है, माँ से बात करनी थी.’ लोक गोंधळून जायचे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकराला आई कॅमेऱ्यासमोर बसायची. नीट साडी नेसून, केस विंचरून. मी सावकाश बोलायचो, ती टक लावून ओठ बघायची. भाजी काय केली, बायकोचं गुडघ्याचं दुखणं, मलिहाबादकडच्या आंब्याच्या बागांतून आणलेले मातीचे नमुने. कधी तिला एखादा शब्द कळला नाही, तर मी तो दुसऱ्या शब्दात सांगायचो. तो एक तास माझ्या आठवड्यातला सगळ्यात चांगला तास होता.

राउटर बसवून दोन महिने झाले असतील. विभागप्रमुख सर जिन्यात भेटले. अगदी लखनवी नम्रतेने म्हणाले, ‘भाई साहब, एक छोटी सी ज़हमत. हमारी लाइन आने में हफ़्ता भर लगेगा. तब तक अगर आपका पासवर्ड...’

मी वाक्य पुरं होण्याआधीच सांगून मोकळा झालो. पासवर्ड म्हणजे आमच्या घरचा फोन नंबरच होता. लाइन जोडायला आलेल्या माणसाने तोच टाकला होता आणि मी तो तसाच राहू दिला होता. सरांनी खिशातल्या पाकिटाच्या मागे लिहून घेतला. ‘बड़ी मेहरबानी.’

तो आठवडा दीड वर्ष चालला.

आधी काही जाणवलं नाही. मग रविवारी चित्र अडखळायला लागलं. आई मध्येच चौकोन चौकोन व्हायची, हलेनाशी व्हायची. आवाज कधी यायचा, पण तिला आवाजाचा काय उपयोग? माझा ओठ अर्ध्या शब्दावर थांबला की तिचं बोलणं तुटलं. ती म्हणायची, ‘परत सांग.’ मी परत सांगायचो, चित्र परत थांबायचं. एका रविवारी वैतागून तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘राहू दे आता. दादाला फोन कर.’

मी कंपनीत तक्रार केली. माणूस आला, तार हलवून गेला, म्हणाला, ‘लाइन एकदम ओके है सर.’ बायको म्हणाली, ‘वरच्यांमुळे असेल.’ मी म्हणालो, ‘एवढ्याने काय होतंय?’

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूचं साधं ऑपरेशन, रोज शेकडो लोकांचं होतं. पण आईचा एक डोळा लहानपणापासून अधू. ऑपरेशन होतं ते चांगल्या डोळ्याचं. सोमवारी सकाळी ऑपरेशन, रविवारी दुपारी दवाखान्यात भरती. अकराला नेहमीसारखी ती कॅमेऱ्यासमोर बसली.

तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. सरळ म्हणाली, ‘हा डोळा गेला तर माझ्याशी कोण काय बोलतंय ते मला कसं कळणार रे?’

मी पुढे झुकलो. म्हणालो, ‘आई, ऐक...’

आणि चित्र थांबलं.

गोल चक्र फिरत राहिलं. मी कॉल तोडला, परत लावला. लागेना. राउटर बंद करून चालू केला. लागला, आई क्षणभर दिसली, पुन्हा थिजली. मग दादाचा फोन आला. ‘अरे, तुझं नुसतं उघडं तोंड दिसतंय स्क्रीनवर. ती मला विचारतेय, काय म्हणाला, काय म्हणाला. मी पाटीवर लिहून दाखवू का? तू सांग काय लिहायचं.’

मागून आईचा आवाज ऐकू आला. स्वतःला ऐकू येत नसल्याने ती नेहमी मोठ्याने बोलायची. ‘तू नको लिहूस. त्याला बोलू दे.’

अर्धा तास आम्ही खटपट केली. मग दादा म्हणाला, ‘निघायला हवं. बाराला बोलावलंय.’

मी तसाच स्लिपरवर जिना चढलो. डोकं फुटतंय असं वाटत होतं. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात सरांचे पाहुणे बसलेले. एकाच्या मांडीवर लॅपटॉप, त्यावर नेटवरून सिनेमा उतरवणं चालू होतं. दुसरा टॅबवर कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ बघत होता. आतल्या खोलीतूनही गाण्याचा आवाज येत होता.

‘आइए आइए! सही वक़्त पर आए,’ सर म्हणाले. ‘चाय बन रही है.’

आणि मी बसलो. खरंच बसलो. चहा घेतला, वर एक नमकपारा, म्हणजे खारा शंकरपाळाही खाल्ला. माझी आई तेव्हा रिक्षात बसून दवाखान्याकडे निघाली होती आणि मी वर नमकपारा खात होतो. शेवटी कसाबसा म्हणालो, ‘सर, आज नेट ज़रा धीमा चल रहा है...’

‘हाँ हाँ, हम भी यही कहने वाले थे,’ सर म्हणाले. ‘आपका नेट आजकल बहुत ही धीमा हो गया है. ज़रा कंपनी में शिकायत कर दीजिए. बच्चों को बड़ी दिक़्क़त होती है.’

मी कप ठेवला आणि खाली आलो.

बायकोने राउटरचं पुस्तक काढून ठेवलं होतं. ती शाळेत गणित शिकवायची, कुठलीही गोष्ट पायरी पायरीने करायची. राउटर उलटा करून तिने खालच्या चिकटपट्टीवरचे आकडे वाचून दाखवले, मी ते लॅपटॉपवर टाकले. राउटरचं स्वतःचं पान उघडलं. नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. कारखान्यातून आला तसा.

‘म्हणजे कुणीही आत शिरून आपल्यालाच बाहेर काढू शकलं असतं,’ ती म्हणाली.

त्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी होती. अकरा. आम्ही आमचा दुसरा लॅपटॉप आणि तिचा फोन बंद करून पाहिलं. नऊ राहिली. त्यातलं एक म्हणजे माझ्यासमोरचा लॅपटॉप. म्हणजे आठ परके. घरात बसलेले आठ लोक, ज्यांतल्या बहुतेकांना मी ओळखतही नव्हतो. सरांनी माझा पासवर्ड पाहुण्यांना दिला होता, ड्रायव्हरला दिला होता, शेजारच्या जिन्यातल्या त्यांच्या मित्राला दिला होता, हे पुढे कळलं. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि सुरक्षेच्या रकान्यात सगळ्यात जुना, सगळ्यात कच्चा प्रकार निवडलेला. मी यादीच परत परत मोजत होतो.

‘बाजूला व्हा,’ ती म्हणाली.

आधी तिने ॲडमिनचा पासवर्ड बदलला. मग नेटवर्कचं नाव. मग सुरक्षेचा नवा प्रकार. मग नवा पासवर्ड, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी शब्दांचा, ज्यात दोनदा ळ येतो, मध्ये आकडे आणि चिन्हं. बटण दाबताच आमचाही लॅपटॉप तुटला. क्षणभर वाटलं, बिघडवलं सगळं. मग तिने एकेक करून आमची तिन्ही उपकरणं नव्या पासवर्डने जोडली. यादी परत उघडली. तीन.

दहा मिनिटांत बेल वाजली.

दारात सर. ‘लगता है नेट चला गया.’

‘गया नहीं है सर. मैंने बंद किया है.’

ते हसले. ‘अरे, तो चालू कर दीजिए.’

‘नाही करणार!’ मी ओरडलो. मराठीत ओरडलो, माझ्याही लक्षात आलं नाही. ‘माझी आई बहिरी आहे! उद्या तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे! तिला माझ्याशी बोलायचं होतं आणि तुमचे पाहुणे सिनेमे उतरवतायत! दीड वर्ष! एक आठवडा म्हणाला होतात तुम्ही!’

जिन्यात वरून-खालून दारं उघडली. सरांना निम्मं कळलं असेल, पण आवाज पुरेसा होता. ते अतिशय शांतपणे म्हणाले, ‘इतनी मामूली बात पर आप इस तरह बात करेंगे, हमें उम्मीद नहीं थी.’

मामूली. त्या शब्दावर मी त्यांच्या अंगावर गेलो असतो. बायकोने माझं मनगट धरलं होतं. तिनेच स्वच्छ हिंदीत सांगितलं, ‘सर, अब पासवर्ड किसी को नहीं मिलेगा. आप अपनी लाइन लगवा लीजिए.’ आणि दार लावलं.

चौथ्या दिवशी त्यांची लाइन आली. दीड वर्ष जी येत नव्हती ती चौथ्या दिवशी आली. त्यांच्या बाल्कनीखाली तार ओढणारा माणूस बघत मी उभा होतो, आणि मला आनंद वगैरे काही झाला नाही. संताप दुप्पट झाला.

त्या वर्षीच्या अहवालात माझ्या नावापुढे लिहिलं गेलं, ‘सहकाऱ्यांशी मिळून-मिसळून वागण्यात कमी पडतात.’ मे-जूनच्या उन्हात शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाच्या पुढच्या शेतांतून नमुने आणायचं काम सलग माझ्याच वाट्याला आलं. मी सरांच्याही वरच्या साहेबांकडे लेखी तक्रार केली. तिचं काही झालं नाही. बढती एक वर्ष उशिरा मिळाली.

आईचं ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी असेपर्यंत दादा तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचा. दोन रविवार गेल्यावर ती काळा चष्मा लावून कॅमेऱ्यासमोर बसली. चित्र स्वच्छ होतं, एकदाही अडलं नाही.

‘त्या दिवशी काय सांगणार होतास?’ तिने विचारलं.

मला काही आठवेना. कदाचित ‘घाबरू नकोस’ एवढंच म्हणणार होतो. मी तिला तसं सांगितलं. मग सगळी हकीकत सांगितली. नमकपाऱ्यासकट.

ती लक्ष देऊन वाचत होती. संपल्यावर म्हणाली, ‘मग दीड वर्ष का बोलला नाहीस?’

‘साहेब होते ना आई. घाबरलो.’

‘बरं,’ ती म्हणाली. मग थोडी पुढे सरकून तिने विचारलं, ‘सूनबाई कुठेय? तिला बोलव. मला आधी तिच्याशी बोलायचंय.’