ओकित्सुसानचा उजवा डोळा

ओकित्सु तोमिए विद्यापीठातल्या आमच्या विभागात एकतीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. मी वर कार्यालयात, त्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. कुठल्याही कागदावर सहीऐवजी मारायचा त्यांच्या नावाचा शिक्का चौकटीच्या अगदी मध्यावर पडायचा. मी वाणिज्य शाखेचा माणूस, अशा गोष्टी माझ्या नजरेत भरतात. गेल्या नोव्हेंबरात तो शिक्का डावीकडे सरकू लागला. डिसेंबरात निम्मा चौकटीबाहेर.

"ओकित्सुसान, शिक्का पळायला लागलाय तुमचा."

"निवृत्ती जवळ आली की शिक्क्यालाही घरी जायची घाई होते. तुमचा अजून खुर्ची सोडत नाही वाटतं?"

मी हसलो, पण कागद परत दिला नाही.

त्यांचं काम लेझरचं. सूक्ष्मदर्शकातून झोत एका टिंबावर आणला की जवळून जाणारी यीस्टची पेशी त्या टिंबात अडकते. टिंब सरकवलं की पेशी मुकाट्याने मागे येते. झोताच्या वाटेत बोटभर रुंदीची एक पाटी असते. संगणक तिच्यावरची नक्षी बदलतो, त्या नक्षीप्रमाणे झोताला आकार येतो आणि एकाची बारा टिंबं होतात, मग बारा पेशी एकदम हव्या तशा फिरवता येतात. मात्र झोत आरशांवरून त्या पाटीवर नेमका आणायचं काम हातानेच करावं लागतं. हा झोत डोळ्यांना दिसत नाही. नारिंगी कार्ड धरलं की त्यावर अंधूक ठिपका उमटतो, आणि संरक्षक चष्म्यातून तोही धड दिसत नाही. म्हणून जुनी माणसं चष्मा कपाळावर चढवतात. हे नियमाविरुद्ध आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कोणी बोलत नाही.

मी कागद हातात धरून बसलो, तशा त्या समोरच्या खुर्चीवर टेकल्या.

"सप्टेंबरात आरशाचे स्क्रू फिरवायची चकचकीत किल्ली झोतात गेली, झोत उलटून डोळ्यात आला. चष्मा वर होता. दुखलं काहीच नाही. डोळ्यात नुसतं टक् वाजलं. आता उजव्या डोळ्याने जिथे पाहावं तिथेच काळा डाग."

"ऑक्टोबरच्या तपासणीत तर डोळा उत्तम लिहिलाय."

"तक्त्यावरच्या वर्तुळाची फट कुठे ते सांगायचं असतं, रांगेत पुढच्याची उत्तरं ऐकली. वर, उजवीकडे, खाली, खाली. शाळेत कधी कॉपी केली नव्हती, ती हौस फिटली."

अपघात कळवला की प्रयोगशाळेला कुलूप लागतं आणि चौकशी बसते. निरासावासान हे तिथले साहाय्यक, वय छत्तीस. त्यांचा पाच वर्षांचा करार मार्चअखेर संपत होता. त्याआधी शोधनिबंध पुरा झाला तर कायमची जागा, नाही तर घरी.

"मार्चपर्यंत गप्प राहा," ओकित्सुसान म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे. माझं काय, मी तशीही जाणारच आहे."

मी गप्प राहिलो.

जानेवारीत एका सकाळी एका कागदावर शिक्का घ्यायला मी खाली गेलो. बाहेर हामामात्सुचा कोरडा वारा खिडक्या हलवत होता. संगणकाच्या पडद्यावर बारा पेशी वर्तुळात धरलेल्या होत्या. एक आरसा किंचित ढळला होता आणि निरासावासान तो जागेवर आणत होते. ठिपका आता ओकित्सुसानना नीट दिसत नव्हता, म्हणून हे काम त्यांनी हळूहळू निरासावासानकडे सोपवलं होतं. त्यांच्या एका हातात कार्ड, दुसऱ्यात तीच चकचकीत किल्ली, चष्मा कपाळावर.

"चष्मा खाली घ्या," ओकित्सुसान म्हणाल्या.

"खाली घेतला तर दिसत नाही हो. तुम्हीच नाही का शिकवलंत?"

"घ्या म्हणते ना!"

"आज काय झालंय तुम्हाला? सकाळी न्याहारीला नत्तो मिळाला नाही का?"

ओकित्सुसाननी सरळ जाऊन भिंतीवरचं लाल बटण दाबलं. झोत गेला. वर्तुळातल्या पेशी सुटल्या आणि एकेक करत पडद्याबाहेर वाहून गेल्या.

"चार तास!" निरासावासान ओरडले. "चार तासांची मापं होती ती!"

त्यांना काहीही न सांगता त्या माझ्याबरोबर जिना चढल्या आणि अपघाताचा फॉर्म मागितला.

"अहो, मार्च?" मी म्हणालो.

"फॉर्म द्या."

त्याच दुपारी दाराला कुलूप लागलं. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक चौकशी समितीपुढे माफी मागत कमरेतून वाकून उभे राहिले. निबंध अर्धवट राहिला. निरासावासानचा करार संपला, ते तोयोहाशीला शिकवणीच्या वर्गात नोकरीला लागले. ओकित्सुसानना निरोपाचं जेवण झालं नाही. नको असं कोणी म्हणालं नाही, तारीखच कोणी ठरवली नाही.

एप्रिलमध्ये मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला.

"निरासावासानचे डोळे तपासले?"

"तपासले. दोन्ही चांगले आहेत."

"माझी आठवण काढली त्यांनी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग पेल्यांत चहा ओतला.

"मी सप्टेंबरातच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर चौकशी कधी संपली असती?"

अशा चौकशीला चार महिने लागतात. जानेवारीतच कुलूप निघालं असतं आणि निरासावासानच्या हातात पुरे दोन महिने उरले असते. हे मला ठाऊक होतं. डिसेंबरात त्या समोर बसल्या होत्या तेव्हाही चार महिने हा आकडा मला ठाऊक होता, आणि त्यांनी तेव्हा विचारला नव्हता.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.