न्हाव्याने धरलेला सूर

आमच्या ग्रीक बेटावरच्या गावात देवापेक्षा प्रोद्रोमोसचा गळा मोठा होता, आणि हे मी पाद्रीची बायको असून सांगते. धंद्याने तो न्हावी. देवळात मोठ्या पोथीसमोर उभा राहून चाळीस वर्षं स्तोत्रं गायला. त्याने तान घेतली की आमचे हे धूपदान हातात धरून ताटकळत. एका ईस्टरला तो एकाच शब्दावर इतका रेंगाळला, की माझं कोकराच्या काळजाचं सूप आटून भांड्याला लागलं.

त्याच्या शेजारी बेकरीवाला स्त्रातोस उभा राहायचा. त्याचं काम एवढंच, की वरती गाणं चालू असताना खाली एकच जाडा सूर धरून ठेवायचा. सूर धरणाऱ्याने चाल उचलायची नाही, ही आमच्याकडची रीत. "त्याला चाल दिली तर शुक्रवारी सुळावर गेलेला ख्रिस्त रविवारी उठायचाच नाही," असं प्रोद्रोमोस गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून सांगायचा. कोण नाही म्हणणार?

मग त्याच्याच गळ्यात गाठ निघाली. अथेन्सचे डॉक्टर म्हणाले, कापली तर जीव वाचेल, गाणं जाईल. हा दोन महिने गेलाच नाही. एका दुपारी मी देवळात जमिनीवरचं मेण खरवडत होते, तर हा वेदीकडे बघून भांडतोय. "कुणासाठी गातो मी? तुझं नुकसान तुला कळत नाही?"

"अहो दादा, तुम्ही गायला लागायच्या आधीही देव होताच की," मी म्हटलं.

"होता. पण कंटाळलेला होता." एवढं बोलून तो मटकन बाकावर बसला. "पाद्रीणबाई, गळा नसेल तर मी त्याच्यापुढे काय घेऊन उभा राहू?"

मी त्याच्या हातात खरवडायची पट्टी दिली. फार वाईट वाटलं मला त्याचं. पुढच्या सोमवारी तो अथेन्सच्या बोटीत बसला.

परत आला तो घोगरा होऊन. गुड फ्रायडेला आपणहून बाजूला सरकला आणि स्त्रातोसला म्हणाला, "ये पोथीपुढे. सूर मी धरतो."

"मास्तर, मला नाही जमणार."

"माहीत आहे. हो पुढे."

तिसऱ्या कडव्यात स्त्रातोसची चाल हरवली. तो थांबला, घामाघूम झाला. सगळं देऊळ प्रोद्रोमोसकडे बघायला लागलं. फाटक्या आवाजात का होईना, त्याला चाल उचलता आली असती. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. आता हा घुसणार, असं मी धरूनच चालले होते. पण त्याने डोळे मिटले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि तोच एक सूर धरून ठेवला. श्वास संपला, दुसरा घेतला, पुन्हा तोच सूर. तिसऱ्या श्वासाला स्त्रातोसला वाट सापडली. वेडीवाकडी, पण सापडली. मागच्या म्हाताऱ्याही त्याच्याबरोबर गायला लागल्या, आणि मीसुद्धा.

बाहेर पडल्यावर प्रोद्रोमोस भिंतीला टेकून हसत होता, डोळे पुसत होता.

"काय भयानक गातो हो हा!" तो म्हणाला. मग हळूच: "चाळीस वर्षं त्या देवळात उभा आहे, पाद्रीणबाई. आज पहिल्यांदा देवाला हाक मारावी लागली."