रुसलेला ड्रम

माझ्या वहिनीला कमीपणा घेता येत नाही. कुणी कौतुक केलं की बाकीचे लोक ‘छे, त्यात काय एवढं’ म्हणतात. ही म्हणते, “हो, जमलंय खरं.” लग्न होऊन आली तेव्हा मला ती शिष्ट वाटायची. शिष्ट ती आहेच, पण उगाच नाही.

आमचा उतारावरचा कॉफीचा मळा. बाबांची पद्धत ठरलेली होती. पिकलेली लाल फळं तोडायची, साल काढून बिया धुवायच्या, वाळवायच्या आणि कारखान्याच्या गाडीत पोती टाकून मोकळं व्हायचं. ती कॉफी पुढे कुणाच्या कपात जाते, कशी लागते, याच्याशी घरात कुणाला देणंघेणं नव्हतं. वहिनीला होतं. तिने कुठून कुठून शिकून घेतलं होतं की अख्खी फळं हवाबंद ड्रममध्ये नीट आंबवली, तर त्याच बियांना फुलांचा, फळांचा वास लागतो. अशा कॉफीसाठी चोखंदळ लोक वाट वाकडी करून येतात म्हणे.

“म्हणजे फळं कुजवणार, असं सरळ म्हण ना,” बाबा म्हणाले.

“आंबवणार, बाबा. कुजतं आपोआप. आंबवायला अक्कल लागते.”

सासऱ्यांना असं तोंडावर बोलणारी सून बघून मला हसू आवरेना. बाबांनी नाक मुरडलं, पण परवानगी दिली. फक्त एका हंगामापुरती. चांगला खरेदीदार मिळाला तर ड्रम राहतील. नाही मिळाला तर ड्रम शेडमधून बाहेर, आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. वहिनी म्हणाली, “चालेल.” दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कपाळाला हात लावला, कारण मळ्यातली सगळी निवडक फळं त्या ड्रमांत जाणार होती.

शेडमध्ये दोन निळे ड्रम बसले. झाकणातून एक नळी निघायची आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असायचं. आत फळं आंबायला लागली की बाटलीत बुडबुडे येतात. दाराजवळच्या ड्रमने लगेच बुडबुडायला सुरुवात केली. कोपऱ्यातला गार भिंतीला टेकून ढिम्म बसला. मी त्याला रुसलेला ड्रम म्हणायला लागले आणि ते नाव त्याला चिकटलं. वहिनी दोघांवरही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. जेवताना पण तिचं तेच. “दाराजवळच्यातून मोगरा येणार, बघाच तुम्ही. फुलांचा वास आला की जिंकलो.” बाबा खाली मान घालून जेवत राहायचे.

दाराजवळचा ड्रम उघडला तेव्हा मोगऱ्याचा असा दरवळ सुटला की मी टाळ्याच वाजवणार होते. वहिनीने आत हात घातला आणि मूठभर तपकिरी, लिबलिबीत पाकळ्या बाहेर काढल्या. कुंपणावरचा मोगरा मधे अचानक बोडका झाला होता. तेव्हा मी शेजारच्या शेळीच्या नावाने बोटं मोडली होती. आता मागे वळून पाहिलं, तर बाबा दारात उभे राहून चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या पुसून होत नव्हता.

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी मायाही वाटली. ‘कुजवणं’ म्हणून हिणवणारा हा माणूस, सून तोंडघशी पडू नये म्हणून चोरपावलांनी शेडमध्ये गेला होता! पण या धंद्यात वास फळातूनच यावा लागतो. वरून फुलं घातली की ती नुसती सुगंधी कॉफी. तशी लपवून विकली आणि उघडकीला आलं, तर त्या मळ्याकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. वहिनी बाबांना एका शब्दाने बोलली नाही. तिने त्या बिया वेगळ्या जाळीवर वाळत घातल्या. आता सगळी भिस्त रुसलेल्या ड्रमवर होती.

तो सावकाश आंबला, उशिरा उघडला. त्यातल्या बिया वाळवून, भाजून वहिनीने चव घेतली. “उत्तम आहे,” म्हणाली. मला आंबटगोड लागली, पण मला कॉफीतलं काय कळतंय! दादा म्हणाला, “तुला तुझं सगळंच उत्तम लागतं.”

“चांगलं असलं की लागतंच,” वहिनी म्हणाली.

खरेदीदार बाई आल्या त्या स्वतःचा चमचा घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहिनीने रुसलेल्या ड्रमच्या कॉफीची वाटी मांडली. ती प्यायचं पाणी आणायला वळली, तेवढ्यात दादाने फुलांच्या ड्रमच्या बिया गुपचूप भाजून केलेली वाटीही हळूच शेजारी ठेवली. बाईंनी नेमकी तीच आधी घेतली. फुर्रकन चमचा ओढला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “अगदी मोगरा! ही मी घेतेच.”

आम्ही सगळ्यांनी मूग गिळून बसायचं, की सौदा पक्का होता.

“ती विकायची नाही,” वहिनी म्हणाली. “तिच्यात फुलं घातली गेली आहेत.”

“कुणी घातली?”

“शेड माझी आहे. म्हणजे मीच.”

बाबा खुर्ची मागे सारून उठले. “तिने नाही. मी घातली. फुलांचा वास पाहिजे, एवढंच मला कळलं होतं.”

बाईंनी चमचा खाली ठेवला. ड्रम गेले, असं मी मनातल्या मनात म्हणून टाकलं. वहिनीने दुसरी वाटी त्यांच्यापुढे सरकवली. तिच्या आवाजात विनवणीचा लवलेश नव्हता. “ही माझी. ही चाखून बघा.”

बाईंनी भिडेखातर घेतल्यासारखा एक चमचा घेतला. मग आणखी एक घेतला. मग नीट बसल्या, वाटी जरा निवू दिली आणि पुन्हा चाखली.

“आलुबुखार... आणि मागून गुलाब येतोय.” त्यांनी वहिनीकडे संशयाने पाहिलं. “खरं सांगा, यात काय घातलंय?”

वहिनीने तोंड उघडायच्या आत बाबा कडाडले. “काहीही नाही! त्या ड्रमला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. ते सगळं माझ्या सुनेचं आहे!”

बाई हसल्या. “मग सगळी मला द्या,” म्हणाल्या.