दारं नसलेली कपाटं

कुठलंही लाकूड समोर आलं की काका बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक करायचे, मान कलती करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "जीव हाय की अजून." किंवा, "हे गेलं. आत भुस्सा झालाय." ऐकताना डोळे मिटलेले असायचे. मला आधी तो नुसता देखावा वाटायचा.

एचएसआर लेआउटमध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अडीच वर्षं भाड्यानं राहिले. ते मूळचे निपाणीकडचे, पण सगळं आयुष्य बंगळुरात गेलेलं, एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये. मी राहायला गेले तेव्हा काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलती लेक बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर. गल्लीत सगळे त्यांना अज्जा म्हणायचे, मी काका म्हणायचे. घर द्यायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"भाकरी येते काय गे?"

"नाही," मी म्हटलं.

"खरं बोललीस. राहा."

जिन्याखालून गॅरेजमध्ये एक दार उघडायचं. तिथे गाडी नव्हती. गाडी का विकली, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, आणि तेही पाणी कधी येतं हे सांगावं तितक्या सहज. काचबिंदू. कडेकडेनं अंधार आत येतो, मधे एक भोक उरतं, शेवटी तेही बुजतं. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष दिलं होतं.

"डोळे जाणार तर जाऊ देत," ते म्हणाले. "हातांचं काय करू? त्यांना काम पाहिजे की."

म्हणून दिसतंय तोवर गॅरेजमध्ये कामाचं एक टेबल आणि भोवती कपाटं उभी करायची. अशी, की डोळे गेल्यावरही हात लांबवला की हवी ती वस्तू हातात यावी. एवढंच त्यांना हवं होतं. कारखान्यात चाळीस वर्षं हजारांश मिलिमीटरात काम केलेला माणूस, त्याला कुणी खुर्चीत बसवून ठेवेल याची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती वाटायची. हे ते बोलून दाखवायचे नाहीत, पण मला कळायचं.

एका रविवारी सकाळी मी खाली गेले, तर हा माणूस डोळ्यांना पंचा बांधून करवत चालवतोय. मी दारातूनच ओरडले.

"काका, काय चाललंय हे?"

"सराव," ते म्हणाले, आणि करवत थांबली नाही. "परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करणाऱ्यातला मी न्हवं."

आता सामानाचं सांगते. तुम्ही बंगळुरात राहिला असाल तर पाहिलं असेलच, आमच्या भागात घरं पाडायची आणि स्वयंपाकघरं बदलायची साथ कधी ओसरतच नाही. नवं जोडपं येतं, त्यांना सगळं पांढरं हवं असतं, आणि आधीच्या लोकांची धडधाकट कपाटं फुटपाथवर येऊन पडतात. काकांचं फिरायला जाणं म्हणजे या फुटपाथांची पाहणी. पाडकाम करणारे मिस्त्री त्यांना ओळखायला लागले होते. लांबूनच विचारायचे, "अज्जा, बेका?" हवं का? काका म्हणायचे, "स्वल्प तडियप्पा," जरा थांब बाबा, आणि शांतपणे टकटक करायचे. मिस्त्रीसुद्धा थांबायचा. एवढ्या रहदारीत पाचसहा माणसं एका जुन्या कपाटाचं काय होतं याची वाट बघत उभी आहेत, हे दृश्य मी कितीदा तरी पाहिलंय.

उचलायला मी. घरून काम करत असल्यामुळे मी त्यांना फुकट सापडले होते. कानात मीटिंग चालू, माईक बंद, मॅनेजर कुठल्यातरी तारखेवरून घसा कोरडा करतोय आणि मी कुणाच्यातरी सिंकखालचं कपाट धरून उलट्या पावलांनी गल्ली ओलांडतेय. एकदा माईक चुकून चालू राहिला. "डावीकडं घे गे, नाला हाय," हे वाक्य त्या दिवशी तीन देशांत ऐकलं गेलं.

आठ-दहा महिन्यांत गॅरेज भरलं. बोम्मसंद्र्याच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून त्यांच्या जुन्या सोबत्यानं अठरा खणांचं एक कपाट टेम्पोत घालून पाठवलं. मागच्या गल्लीतलं एक घर पाडलं, तिथला सागवानी मुख्य दरवाजा मिळाला. तो आडवा टाकून त्याचं टेबल झालं. कुलपाचं भोक होतं ते बुजवू म्हटलं, तर म्हणाले, "असू दे, त्यात खुंटी बसवतो. लाकूड तिला टेकलं की सरकत न्हाई." टेबलाची उंची त्यांनी टेपनं मोजली नाही. सरळ उभे राहिले, हात सोडला, आणि मनगटाच्या हाडापाशी भिंतीवर खूण करायला मला सांगितली. गाडी धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला गेटकडे उतार होता. त्यामुळे खाली ठेवलेल्या चारही कपाटांना वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या लावाव्या लागल्या. पाण्याच्या नळीनं पातळी धरताना नळीचं दुसरं टोक माझ्या हातात. मी जरा हलले की म्हणायचे, "श्वास घे, पण सावकाश घे."

मग त्यांनी सगळ्या कपाटांची दारं काढून टाकली. मला वाईट वाटलं, एकेक सुंदर दारं होती. "उघडं राहिलेलं दार आंधळ्याच्या कपाळावरच बसतं," ते म्हणाले. खणांना मात्र मुठी बसवल्या, आणि एकही मूठ दुसरीसारखी नाही. पितळी मूठ म्हणजे पटाश्या. चिनी मातीची म्हणजे स्क्रू. नळाची जुनी चावी म्हणजे पाने. कुकरच्या दांड्याचा तुकडा, कॅरमची सोंगटी, एका खणाला तर सायकलची घंटी. तो पॉलिशपेपरचा. दुपारी वर काम करताना मधेच खालून ट्रिंग ऐकू आलं की समजायचं, काकांचं घासकाम सुरू झालं.

आणि टोकन. हे मला सगळ्यांत आवडायचं. त्यांच्या टूलरूममध्ये प्रत्येक कामगाराचं पितळी टोकन असायचं. हत्यार घेतलं की त्याच्या जागी खिळ्याला आपलं टोकन अडकवायचं, परत ठेवलं की काढायचं. काकांनी डब्यांच्या झाकणांतून टोकनं कापली. गल्लीतले लोक काही ना काही मागायला यायचेच. नंबर बोटांना कळावा म्हणून टोकनाच्या कडेला खाचा. समोरच्या इस्त्रीवाल्या अक्काच्या टोकनाला एक, वॉचमनच्या दोन, माझ्या तीन. माझं टोकन मला दिलं तेव्हा हातात नोकरीचं पत्र दिल्यासारखे ते गंभीर होते.

डोळे डॉक्टरांनी म्हटल्यापेक्षा लवकर गेले. पावसाळा संपताना मधलं भोकही बुजलं. आणि खरं सांगते, गॅरेजमध्ये काहीच बदललं नाही. शटर अर्धं खाली, त्याखालून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि दुपारभर जमिनीवरून सरकत राहायचा. भुशाचे कण त्यात तरंगत असायचे. पट्टा पायावर आला की त्यांना ऊब लागायची, मग म्हणायचे, "तीन वाजले असतील." तीनच वाजलेले असायचे. रंधा चालायचा, लाकडाची साल गोल गोल होऊन त्यांच्या पायांवर पडायची. मी लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसायचे आणि काम सोडून नुसती बघत राहायचे. ते दिवस आता आठवले तर झोपेत ऐकल्यासारखे आठवतात. तो आवाज, तो वास, आणि कुणालाच कसली घाई नाही.

त्या काळात मी एक गाढवपणा केला. पडद्याची पट्टी निखळली म्हणून खालून स्क्रूड्रायव्हर नेला. काका झोपले होते. दोन मिनिटांचं काम, म्हणून टोकन अडकवलं नाही. मग फोन आला, मीटिंग आली, मी विसरले. संध्याकाळी खाली गेले तर काका जमिनीवर बसून तळहातानं फरशी चाचपत होते. गुडघे भुशानं माखलेले. सगळे खण बाहेर काढलेले.

"काय शोधताय?"

"चपट्या तोंडाचा, मधला. तिसऱ्या खिळ्याला असतो. नेहमी असतो." त्यांनी पुन्हा फरशीवरून हात फिरवला. "मला वाटलं गे, डोळ्यांच्या मागून डोकंबी चाललं."

मी तिथेच खाली बसले आणि सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी फक्त मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "तूच होतीस तर. बरं झालं बाई." त्या 'बरं झालं'ची मला अजून लाज वाटते.

मला वाटायला लागलं होतं की हा माणूस जिंकला. आपण फक्त गॅरेजकडेच बघतोय हे तेव्हा कळतं तर काय हवं होतं.

चार वाजता ते चहा करायचे आणि मला हाक मारायचे. एके दिवशी चहा खारट लागला. प्यायले. काय बोलणार होते? पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीनदा प्यायले. मी पुण्याची, चुका दाखवायची आमच्याकडे उपजत हौस. आणि नेमकं जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे मी भिडेखातर गप्प बसले.

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक लांब फळी होती आणि तिच्यावर एकाच मापाचे चोवीस स्टीलचे डबे. काकूंनी हौसेनं घेतलेले. कशात काय हे काकूंना ठाऊक होतं. त्यांच्यामागे कामवाली अक्का डबे घासून जागा मिळेल तसे लावायची. गॅरेजमधल्या स्क्रूला स्वतःचा खण होता, स्वतःची मूठ होती. मिठाला आणि साखरेला काहीच नव्हतं. एवढा हिशेबी माणूस, पण हे त्याच्या लक्षातच आलं नाही. जगण्यासाठी गॅरेज पुरेल असं त्यांनी धरलं होतं.

शेवटी मी बोलले. "काका, स्वयंपाकघरातही असंच करू या की. डब्यांना खुणा करू, दोन कपाटं लावू. एका रविवारचं काम."

ते टेबल घासत होते, थांबले. "ते तिचं स्टोअर हाय. तिथं माझं टोकन न्हाई."

मी हसले, पण ते हसले नाहीत. "वीस वर्षं सांगत होती, मला इथं दोन कपाटं करून द्या. मी म्हणायचो, करून सोडतो. आता ती नसताना करू?"

ते परत टेबल घासायला लागले.

महिन्याभरात गॅसपाशी ठेवलेल्या फडक्यानं पेट घेतला. कामवाली अक्का तिथेच होती म्हणून निभावलं. काकांची दोन बोटं भाजली आणि भिंत छतापर्यंत काळी झाली. लेक धावत आली. ती ओरडली नाही, बोटांना मलम लावत बसली.

"बाबा, गॅरेजमध्ये तुम्हाला काही होणार नाही, माहितीये मला," ती म्हणाली. "पण माणूस गॅरेजमध्ये राहत नाही हो."

त्यांनी काळ्या भिंतीवरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "सरी. येतो तुझ्याकडं."

टेबल नेण्याचा प्रश्नच नव्हता. ते त्या उताराच्या जमिनीवर बेतलेलं, दुसरीकडे डगमगलं असतं. शिवाय तिथल्या सोसायटीत आवाज चालत नव्हता. हत्यारांतलं काय काय घेऊ, असं लेकीनं विचारलं. "असू दे सगळं जागेवर," ते म्हणाले. बेळ्ळंदूरला मी त्यांना दोनदा भेटून आले. गॅलरीत बसलेले असायचे, तळ्यावरचा वारा खात. लेक मनापासून करायची, तिला बोल लावता येणार नाही. वर्ष व्हायच्या आत ते गेले. आता त्या घरात दुसरे कुणी राहतात आणि गॅरेजमध्ये स्कूटर ठेवतात असं ऐकलंय. मी तिकडे जात नाही.

पण मला त्यांची आठवण येते ती ते निघाले त्या सकाळची. गाडी गेटबाहेर उभी होती. काकांनी गॅरेजमध्ये शेवटची फेरी मारली. टेबलाच्या कडेनं वळले, वाटेतलं स्टूल न चुकता पायानं बाजूला सारलं, वाकून खालचा खण नीट लावला, भिंतीवरचा शर्ट काढून चालता चालता अंगात घातला. रोजच्यासारखेच भराभर. मी त्यांची पिशवी घेऊन मागोमाग धावत होते आणि मला त्यांना गाठता येत नव्हतं. तसेच ते गेटमधून बाहेर पडले.

आणि थांबले.

एक पाय पुढे करून त्यांनी रस्ता चाचपला. दोन्ही हात पुढे आले आणि रिकाम्या हवेत काहीतरी शोधत राहिले. मान इकडे, मग तिकडे. लेकीची हाक डावीकडून येत होती आणि ते उजवीकडे वळत होते. इतके महिने मी रोज त्यांच्यासमोर बसत होते, आणि हा माणूस आंधळा आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"कुठं हायस गे?" ते हळूच म्हणाले. "हात दे जरा."

गाडी चार पावलांवर होती. तेवढं आम्ही पुष्कळ वेळ चाललो.