दगडातला मासा

भात पुरे झाला की काका तोंडाने सांगत नसत. हात वर करून मूठ मिटत. आणखी हवा असेल तर एक बोट खाली करून हवेत गोल फिरवत. त्यांचं सगळं आयुष्य बंदरावर क्रेन चालवण्यात गेलं होतं. तिथल्या खुणा निवृत्तीनंतरही हातातून गेल्या नव्हत्या. खाली कोणी गाडी मागे घेऊ लागलं की गॅलरीतून काकांचा हात सुरू व्हायचा. तुमच्याही सोसायटीत असा एखादा हात असेल. बघा कधीतरी.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहते. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. बाबा कंटेनर यार्डात हमाली करतात आणि कॉलेजात जाणारी घरातली मीच पहिली. आमच्या एका खोलीत पाच माणसं, वर टीव्ही. काकांनी एकदा मला जिन्यात वाचताना पाहिलं.

"बाय, जिना काय अभ्यासाला हाय? आमचं टेबल रिकामं हाय. ये."

मी भीत भीत गेले, आणि मग रोजच जाऊ लागले.

त्या टेबलाला लागूनच काकांची खाऱ्या पाण्याची टाकी होती. आत सच्छिद्र दगड रचलेले आणि मोजके मासे. काकी मिठागरवाल्यांच्या घरातल्या. टाकीसाठी मीठ विकत आणलं, तेव्हा त्यांना हसू आवरेना. "माझ्या बापानं जल्मभर मीठ पिकवलं, आनि यांनी बादलीभर मीठ इकत आनलं! त्ये पन कशाला, तर मासं नुसतं बघाया!"

पण पुढे टाकीसमोर जास्त वेळ त्याच बसू लागल्या. पांढऱ्या पट्ट्यांच्या एका नारिंगी माशाचं नाव त्यांनी मोसंबी ठेवलं. मोसंबीने खाल्ल्याशिवाय त्या जेवत नसत.

मग काकांनी एक निळा मासा आणला. दोन बोटांएवढा. दिसायला फार देखणा. पहिले काही दिवस तो लाजला, नंतर सगळी टाकी आपल्या नावावर असल्यासारखा वागू लागला. मोसंबीचे पर त्याने कुरतडले. ती वरच्या कोपऱ्यात थरथरत उभी राहायची. हळूहळू तिने खाणंही सोडलं.

"ही मेली ना," काकी म्हणाल्या, "तर टाकी भंगारात दीन. मना नाय बघवत."

काकी बोलतील तसं करतात, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. टाकी गेली तर काका दिवसभर काय करतील, हे मला सुचेना. त्यांनाही सुचत नसावं. त्या दिवशी ते एकही खूण न करता जेवले.

मग निळ्याची शिकार सुरू झाली. आधी जाळी. काकांची जाळी पाण्यात शिरायच्या आत निळा दगडाच्या भोकात. "चाळीस फुटी कंटेनरचं डबं उचललं मी," काका धापा टाकत म्हणाले, "आनि हा दोन बोटांचा नाचवतो मना!"

नंतर बाटली. प्लॅस्टिकची बाटली कापून तिचं तोंड उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा ठेवला. निळा बाहेरून बघत राहिला. त्याला चुकवताना आत अडकली मोसंबी. काकींनी बाटली काकांच्या हातातून घेतली आणि मोसंबीला स्वतः सोडवलं.

शेवटी काकांनी एकेक दगड उचलून टाकीचंच पाणी भरलेल्या बादलीत ठेवला. टाकी मोकळी झाली. निळा कुठेच नव्हता. "उडी मारून गेला बाहेर!" काका खूश. आम्ही कपाटाखाली, सोफ्याखाली शोधलं, मग नाद सोडला. काकांनी दगड होते तसे परत रचले. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं, तर समोरच्या दगडाच्या भोकातून निळा आरामात बाहेर आला.

तो दगडातच होता. काकांनी त्याला उचलून बादलीत नेलं होतं आणि उचलून परत आणलं होतं.

काकी पदर तोंडाला लावून हसल्या. "जल्मभर डबं उचललं! आत काय हाय, कदी बघितलंव का?"

मला वाटलं काका चिडतील. ते स्टूल ओढून त्या दगडासमोर बसले. मग हळूच म्हणाले, "माल पकडाचाच नसतो. डबा उचलाचा."

सकाळी टाकीचा दिवा लागेपर्यंत निळा आपल्या दगडातून हलत नाही, हे त्यांनी हेरलं. दुसऱ्या सकाळी मी बादली धरून उभी होते. काका स्टुलावर चढले, पण वरून पाणी चमकत होतं आणि त्यांना भोक दिसेना. तेव्हा त्यांनी काकींना काचेसमोर उभं केलं.

"तू खुना कर. मी तुज्या हाताकडं बघतो."

काकींनी हात वर केला. बोट फिरलं. दगड इतक्या सावकाश वर आला की तळाची वाळूसुद्धा हलली नाही. काकींनी एकदम मूठ मिटली. निळ्याने डोकं बाहेर काढलं होतं. काका तसेच थांबले, हात खांद्यापर्यंत भिजलेला. डोकं आत गेलं. काकींचं बोट पुन्हा फिरू लागलं. दगड पाण्याबाहेर, दगड बादलीत.

काका वाकून किती तरी वेळ बादलीत बघत होते. "एवढाच हाय गं हा," ते म्हणाले. निळ्याला त्यांनी दुकानदाराकडे परत पोचवलं आणि "याला एकटा ठेव, सभाव तसा हाय" असं दोनदा बजावून आले. चार दिवसांनी मोसंबीने कोळंबीचा तुकडा खाल्ला. काकींनी त्या दिवशी सगळ्या मजल्याला शिरा वाटला.

गेल्या वर्षी काका गेले. सगळ्यांना वाटलं, काकी आता टाकी काढतील. मिठाचं पाणी, दगड घासणं, कोण करणार? परवा त्यांचा भाचा एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. मी टेबलावर वाचत होते. माणूस चांगला होता, भावही चांगला देत होता.

काकींनी जाळी आणून त्याच्या हातात दिली. "टाकी ने. पन आधी मासं पकडून दाखव."

त्याने हसत बाह्या सरसावल्या. मोसंबी दगडामागे गेली. काकी चहा टाकायला आत वळल्या.